मध्यंतरानंतरचा बाप

जामनेर,
२४ फेब्रुवारी २०२५

गौतमशेठ, रामराम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र आधी बाजूला ठेवाल आणि जेवण झाल्यावर परत हातात घ्याल, असं धरून लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर माणूस रेंज नाही म्हणून सुटतो. शिवाय तुमच्या कानाचं नवं मशीन फोन लावला की शिट्टी मारतं. पत्राचं तसं नाही. फाडायला तरी ते हातात घ्यावं लागतं.

कारण तसंच आहे. 'दूर की चौकी'चा नवा भाग आला. पोरं त्याला प्रिक्वेल म्हणतात. म्हणजे गोष्ट पुढे जात नाही, मागे जाते. आपला म्हातारा कॅप्टन जवान असताना काय झालं, तो त्या आकाशातल्या चौकीवर मुळात गेलाच कसा, ते सगळं. जळगावला पाहिला. घरची मंडळी होती बरोबर.

पाहताना सारखं वाटत होतं की शेजारच्या खुर्चीवर तुम्ही असायला हवे होते, नाक मुरडत. एसटीची माझी मुक्कामी गाडी दोंडाईच्याला लागायची, तुम्ही मिरचीच्या पोत्यांवरून उठून हात धुवायचे आणि आपण ओट्यावर बसून त्या सिनेमाचा कीस पाडायचो. साल त्र्याऐंशी असेल. मी म्हणायचो कॅप्टनची पोरगी शेवटी निघून जाते, तुम्ही म्हणायचे परत येते. ड्रायव्हर कंटाळून गाडीत जाऊन झोपायचा. इतकी वर्षं भांडून ते भांडण मिटलं नाही, आणि मग दुसरंच एक झालं.

ते असो. आता नव्या भागाचं सांगा. मला आवडला, शेवट तर फारच. पण हल्ली मला बसायला खुर्ची मिळाली की सगळंच आवडतं, त्यामुळे माझ्या मताचा भरवसा राहिलेला नाही. तुमचं मत कळवा.

तुमचा,
सुपडू


दोंडाईचा,
६ मार्च २०२५

सुपडूभाऊ, जय जिनेन्द्र.

पत्र जेवणाआधीच वाचलं. सिनेमापुरतं लिहा, मी सिनेमापुरतं उत्तर देईन. बाकीच्या विषयाला हात लावू नका.

आमच्या संयमने धुळ्याला नेलं होतं. तिकीट त्याने मोबाईलवर काढलं, नाहीतर मी जाणार नव्हतो. साफ सांगतो, हा सिनेमा काढायचीच गरज नव्हती.

एक तर यंत्रं. गोष्ट आधीच्या काळातली आणि बटणं, पडदे, दिवे सगळे जुन्या सिनेमापेक्षा नवे. मग मधल्या तीस वर्षांत चौकीवर काय गंज चढला? दुसरं, तो पिवळा दिवा. जुन्या सिनेमात कॅप्टन भर उजेडातही तो दिवा का विझवत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणूनच आपण घरी जाऊन विचार करायचो. इथे लगेच दाखवून टाकलं की त्याचा बाप शेताच्या बांधावर तसाच दिवा लावायचा. बिया काढून मिरची विकावी तसं झालं. लाली राहिली, तिखटपणा गेला.

आणि तो बाप. कॅप्टनला बाप कशाला पाहिजे होता? आपला कॅप्टन कोणाचा कोणी नव्हता, म्हणून तर तो कॅप्टन होता. इथे त्याचा बाप उड्डाणतळावर येतो, जाड काचेच्या अलीकडे उभा राहतो, काहीतरी बोलतो, ते पोराला ऐकू जात नाही आणि आपल्यालाही नाही. पोरगा मागे वळून बघत नाही. बस. मग त्या म्हाताऱ्याला एवढ्या लांबून आणलं कशाला? घरी बसला असता तर निदान पाय तरी दुखले नसते.

जुन्या सिनेमाचं माझं म्हणणं कायम आहे. पोरगी परत येते. मी दोंडाईच्याच्या टॉकीजमध्ये आठवडाभर रोज पाहिलंय. टीव्हीवर पुढे दाखवला तो कापलेला होता.

कानाच्या मशीनचं तुम्हाला कोणी सांगितलं?

गौतमचंद


जामनेर,
१५ मार्च २०२५

गौतमशेठ, रामराम.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. एवढं चिडलेलं पत्र माणूस परक्याला लिहीत नाही.

यंत्रांचं माझं उत्तर ऐका. आमच्या महामंडळात नवीकोरी गाडी आधी मोठ्या रस्त्याला लागते आणि चार-पाच वर्षांनी खिळखिळी झाली की खेड्याच्या फेरीला येते. खेड्यातल्या माणसाला गाडी नंतर मिळते आणि जुनी मिळते. तुमची चौकी म्हणजे शेवटच्या थांब्याचं खेडं. तिथे यंत्रं जुनीच पोचणार. हे मी आमच्या कुंदनला सांगितलं. तो या सिनेमावाल्या पोरांच्या एका ग्रुपमध्ये आहे, त्याने ते तिथे टाकलं. तर कोणी एक कोल्हापूरचा मुलगा म्हणतो की काकांचं म्हणणं दिग्दर्शकाने ऐकलं असतं तर त्याची शिव्यांतून सुटका झाली असती.

त्या ग्रुपवर सगळ्यात मोठी मारामारी काचेवरून चालली आहे. बाप काय बोलला? कोणी म्हणतं, 'मत जा.' कोणी म्हणतं, 'लौट आना.' एकाने तो तुकडा सावकाश फिरवून ओठ वाचले म्हणे. आमच्या घरातही त्यावरून दोन दिवस चाललं होतं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर घरातली एक जण भाकरी थापता थापता म्हणाली, तो विचारतोय, जेवलास का. 

शेवटाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. राहून गेलं असेल.

कानाच्या मशीनचं कोणी सांगितलं ते विचारू नका. पण तुम्हाला खोटं लिहवत नाही. संक्रांतीला सुंदरबाईने एक फोन उचलला, तो तुमच्या घरचा होता. पलीकडून एक बाई 'ब्याणजी' एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. सुंदरबाईला वाटलं, चुकीचा नंबर. रिद्धीने सांगितलं की मारवाडीत विहिणीला तसं म्हणतात, आणि व्याह्याला ब्याईजी. माझी ही पारोळ्याची बायको दिवसभर तो शब्द तोंडात घोळवत फिरत होती. पुढचे फोन लांबले, मशीनचं त्यातच कळलं.

तुमच्या प्रेमकुंवरबाईंना यावरून काही बोलू नका. बोलायचं तर मला बोला.

आखाजी जवळ आली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी जायच्या तयारीला लागल्या आहेत. एक सोडून.

सुपडू


दोंडाईचा,
२२ मार्च २०२५

सुपडूभाऊ,

सिनेमापुरतं लिहा असं सांगितलं होतं. तुम्हाला जमलं नाही.

हिला काही बोललो नाही. ऐकून घ्यायला तिच्यात ताकद कुठे आहे? तिचं वर्षीतप चालू आहे. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. अक्षय्य तृतीयेलाच आमची आखातीज आणि तुमची आखाजी, त्या दिवशी उसाच्या रसाने पारणं. कशासाठी करते आहेस असं मी गेल्या वर्षी विचारलं होतं. ती म्हणाली, तुम्ही दुकानात जा, उशीर होतोय. पार वाळून गेली आहे. मी तिच्यासमोर ताटावर बसतो तेव्हा माझंही अर्धं ताट तसंच राहतं, पण उपासाचं पुण्य तिच्याच खात्यावर जातं.

यंदा मिरचीची आवक भरपूर आहे. दिवसभर खोकतो. संयम म्हणतो, पप्पा, घरी बसा. घरी बसून काय करू? तिथे तर आणखी शांतता.

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही. रिद्धी माझ्याशी भांडून गेली. तुमच्या मुलाशी लग्न केलं, त्यात तुमचा मुलगा वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण जात सोडून, समाज सोडून, मला न विचारता. मंदिरात लोक माझ्याकडे बघून बोलायचे थांबतात, ते तुम्हाला कळणार नाही. तरीही मी दार लावलेलं नाही. कॅप्टनने तरी काय केलं? दिवा चालू ठेवला आणि वाट पाहिली. पोरगी परत आली, दारातून आत आली, भांडली, आणि बापाच्या समोर टेबलावर बसून जेवली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझंही दार उघडं आहे. तिला रस्ता माहीत आहे. रेल्वे आहे, तुमची एसटी आहे. यायचं तिने आहे.

गौतमचंद


जामनेर,
३० मार्च २०२५

गौतमशेठ, रामराम.

आज शिडीवर चढून गुढी उभारली. कुंदनने शिडी धरली.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रागावलो नाही. तुम्ही व्यापारी माणसं, तुमच्याकडे सणाला मुलगी आपली आपण येत असेल. आमच्या शेतकऱ्याच्या घरात एक रीत आहे, ती तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. आखाजीला मुलगी माहेरी जाते ती आपणहून जात नाही. माहेरचं कोणीतरी न्यायला येतं. त्याला मुराळी म्हणतात, सुंदरबाईच्या अहिराणीत मुराई. भाऊ येतो, काका येतो, कोणी नसलं तर शेजारचा पोरगा येतो. मुराळी आला नाही तर सासरच्यांनी कितीही सांगितलं तरी मुलगी उंबरा ओलांडत नाही. बोलावल्याशिवाय जाणं म्हणजे तिने स्वतःच म्हणणं की मला माहेर राहिलं नाही.

रिद्धी आता आमच्यात मुरली आहे. गौराई बसवते, झोक्यावरची गाणी म्हणते, थोडी चुकीची म्हणते. ती आल्यापासून तीन आखाज्या गेल्या. दरवेळी ती सांजोऱ्या तळून बाकीच्या सुनांच्या डब्यात भरून देते आणि स्वतः ओट्यावर बसते. कोणाची गाडी वाजली की मान वर होते. सुंदरबाई परवा तिच्याकडे बघून म्हणाली, "बठ्ठ्या पोरी मुराईनी वाट दखतीस. हाई बी दखस, पन बोलस नही." हे म्हणताना सुंदरबाई रडत होती, हे तुम्हाला कळावं म्हणून नाही लिहीत.

तुम्ही तिथे दिवा लावून बसला आहात की ती येईल. ती इथे ओट्यावर बसली आहे की कोणी न्यायला येईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर. दोघांच्या मधे मी आणि सुंदरबाई, जेवणं करून ताटं उचलणारे.

आता जे लिहू नका म्हणून घरच्यांनी मला सांगितलं होतं ते लिहितो. कुंदनला जर्मनीत काम मिळालं आहे. दोघांचा व्हिसा आला. जूनमध्ये जाणार. किती वर्षांसाठी ते विचारलं तर दोघंही दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलतात. मुंबईच्या विमानतळावर मोठी काच आहे म्हणे, आपण तिच्या अलीकडे थांबायचं. तो सिनेमा मला का आवडला हे तुम्ही मला विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

सुपडू


दोंडाईचा,
१६ एप्रिल २०२५

सुपडूभाऊ, जय जिनेन्द्र.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात होती की तुम्हाला दाखवून द्यायचं, पोरगी परत येते. जर्मनीबिर्मनी नंतर बघू, आधी हे.

टॉकीजच्या जागी आता लग्नाचं लॉन आहे. पण टॉकीजवरचा डोअरकीपर कौतिक अजून आहे, स्टेशनकडे राहतो. त्याच्याकडे गेलो. म्हटलं, कौतिक, तू तो सिनेमा आठवडाभर दारात उभा राहून पाहिलास, या जामनेरच्या कंडक्टरला एकदाचं सांग. त्याने चहा मागवला आणि हसला. म्हणाला, शेठ, तुम्ही आपल्या गावचा सिनेमा सांगताय की खरा सिनेमा?

मग त्याने सांगितलं ते असं. त्या वेळी शिंदखेड्याला आणि दोंडाईच्याला एकच प्रिंट होती. तिकडे रिळांची एक पेटी चालवून झाली की मोटरसायकलवर टाकून इकडे आणायची. पहिल्याच दिवशी वाटेत मोटरसायकल पंक्चर झाली आणि भांडणाची पेटी यायची राहिली. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं, खुर्च्या वाजवायला लागलं. शेवटची पेटी दुसऱ्या माणसाबरोबर आधीच येऊन पडली होती. ऑपरेटरने तीच लावली. पोरगी छोट्या यानात बसून गेली, कॅप्टन दिव्याजवळ उभा राहिला. तेवढ्यात ती मागे राहिलेली पेटी आली, ती लावली. त्यात पोरगी टोपी काखेत घेऊन दारातून आत येते, भांडते, आणि दोघं टेबलावर जेवतात. लोकांना वाटलं, परत आली. लोक इतके खूश होऊन बाहेर पडले की मालक म्हणाला, उद्यापासून असंच चालवा. आठवडाभर असंच चाललं.

म्हणजे ते जेवण परत आल्यावरचं नव्हतं. जाण्याआधीचं होतं.

कौतिक हे अगदी सहज सांगत होता, वर बिस्कीटही घ्या म्हणत होता. मला उठवेना. सुपडूभाऊ, चाळीस वर्षं मी एका पंक्चरवर विश्वास ठेवून बसलो. त्या विश्वासावर पोरीची वाट पाहिली.

आणखी एक. त्या नव्या भागाच्या शेवटाबद्दल मी लिहिलं नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. काचेच्या त्या प्रसंगानंतर मध्यंतर झालं आणि मी संयमला म्हटलं, चल, डोकं दुखतंय. सिनेमा फालतू आहे असं वाटेत त्याला सांगत आलो.  त्याने आरसा सरळ केला, एवढंच.

मी थकलो आहे. आता काय करावं ते कळत नाही. तुम्हीच सांगा, त्या सिनेमात पुढे काय होतं?

गौतमचंद


जामनेर,
१९ एप्रिल २०२५

गौतमशेठ, रामराम.

तुमचं पत्र आज दुपारी आलं, लगेच लिहायला बसलो आहे. बाहेर ऊन असं आहे की पोस्टमनने घरात येऊन पाणी मागितलं.

आधी जुन्याचं. चाळीस वर्षं मी तुमच्याशी भांडलो, आणि आज मी जिंकलो असं कळल्यावर मला अजिबात बरं वाटत नाही. तुमच्या गावचा सिनेमा चांगला होता. मी पाहिलेल्या सिनेमातून लोक मान खाली घालून बाहेर पडायचे. तुमच्या मालकाला धंदा कळत होता, पण माणूसही कळत होता. फक्त एक झालं, की तुम्ही शेवटाला जे पाहिलं ते मुळात शेवट नव्हता.

आता नव्याचं. तुम्ही मध्यंतरात उठलात, म्हणून तुम्हाला फक्त काच दिसली. पुढचं ऐका.

मध्यंतरानंतर बाप निघतो.

म्हातारा शेत दुसऱ्याला वाहायला देतो आणि मालवाहू जहाजात चढतो. प्रवाशांचं तिकीट त्याला मिळत नाही, म्हणून तो धान्याच्या पोत्यांत बसून जातो. या भागावर ग्रुपमधली पोरं फार चिडली आहेत. म्हणतात, इथे गोष्ट रेंगाळते, नुसता एक म्हातारा पोत्यांवर बसून खोकतो आहे, यात विज्ञान कुठे आहे? मला तर तुमचीच आठवण आली. तो चौकीवर पोचतो तेव्हा त्याला उभं राहता येत नाही. कॅप्टन दार उघडतो. आता दोघं काहीतरी मोठं बोलतील म्हणून सगळं थेटर सरसावून बसतं, आणि पोरगा टेबल पुसतो. तेच टेबल, गौतमशेठ, जुन्या सिनेमातलं. दोघं जेवतात. मग म्हातारा उठून आपला पिवळा दिवा खिडकीत लावतो. तो दिवा मुळात कॅप्टनचा नाहीच. जो न्यायला आला त्याचा आहे.

म्हणून मी म्हणतो की या सिनेमाची गरज होती. जुना सिनेमा वाट कशी पाहायची ते शिकवतो. तेवढंच शिकून आपण म्हातारे झालो.

तुम्हाला मंदिरात लोक काय म्हणतील, ते मला कळणार नाही असं तुम्ही लिहिलं. खरं आहे, नाही कळणार. आमच्याकडेही लोक बोलले, पण आमच्याकडे लोक सगळ्याच गोष्टींवर बोलतात. तुमचं ओझं मला उचलता येत नाही. सामान तुमचं आहे, मी फार तर तुमच्यासाठी दार धरून उभा राहीन. जन्मभर तेच काम केलं आहे.

तुम्ही विचारलं म्हणून पुढे काय होतं ते सांगितलं. मुराळ्याला आमंत्रण द्यायची रीत नाही, म्हणून ते देत नाही. आखाजी तीस तारखेला आहे. रिद्धीला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

सुपडू


जामनेर,
४ मे २०२५

गौतमशेठ, रामराम.

सगळं नीट पार पडलं असेल. इथे घर रिकामं आहे. कुंदन कामावर जातो, सुंदरबाई झोक्याची दोरी सोडायला तयार नाही, म्हणते राहू द्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा बोलणं असं काही झालंच नाही, म्हणून लिहितो. तुमची गाडी गल्लीत शिरली तेव्हा रिद्धी ओट्यावर डबे भरत होती. तिने मान वर केली आणि परत खाली घातली. दरवेळी दुसऱ्याचीच गाडी निघते ना, तिला सवय झाली आहे. मग संयमने दार उघडून तुम्हाला हात दिला. तुम्ही उतरलात आणि तिथेच उभे राहिलात. पांढरे कपडे, हातात ती उगाचच मोठी पिशवी. सुंदरबाई मला हळूच म्हणाली, "मुराई तं म्हातारा शे." मला हसू आलं.

रिद्धी तुमच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता भांडेल किंवा रडेल. तिने विचारलं, "पप्पा, जेवलात का?"

तुम्हाला मशीनमुळे ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण तुम्ही मान हलवून नाही म्हणालात आणि आमच्या घरात येऊन बसलात. सूर्य बुडायला आला होता, त्यानंतर तुम्ही जेवत नाही, म्हणून तिने पटकन ताट वाढलं, बिनकांद्याचं. तिच्या हातचा पहिला घास तुम्ही घेतला तेव्हा मी बाहेर गेलो. तुमच्या ड्रायव्हरला पाणी पाहिजे का विचारायला. गाडी संयम चालवत होता हे मला बाहेर गेल्यावर आठवलं.

निघताना मात्र एक गोष्ट राहिली. रिद्धी मागे बसली, तुम्ही पुढे. काचा वर होत्या, आत गारवा चालू होता. मी गाडीवर दोनदा थाप मारली, आमची डबल बेल. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे वळून काचेच्या आतून काहीतरी बोललात. ओठ हललेले दिसले, ऐकू आलं नाही. गाडी निघून गेली. तेव्हापासून मी विचार करतो आहे. सुंदरबाई म्हणते, 'येतो' म्हणाले असतील. कुंदनने तर हसून सांगितलं की ग्रुपवर टाकू का.

काय बोललात?

सुपडू


दोंडाईचा,
११ मे २०२५

ब्याईजी सुपडूभाऊ, जय जिनेन्द्र.

पारणं झालं. वर्षभर जे विचारलं की मला दुकानात पाठवायची, ते तिने त्या सकाळी आपणहून सांगितलं. म्हणाली, पहिला घोट रिद्धीच्या हातून घ्यायचा होता, नाहीतर आणखी एक वर्ष करणार होते. उसाचा रस अर्धा साडीवर सांडला. दोघी सारख्या हसत होत्या. मंदिरात काही जण बोलायचे थांबले, काही जण बोलले. मशीन मी घरी काढून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी काय केलं ते नीट कळलं नाही.

रिद्धी आणखी आठ-दहा दिवस राहील. मग तुम्ही न्यायला या. सासरचा माणूस न्यायला आल्याशिवाय मुलगी पाठवत नाहीत, ही रीत आमच्याकडेही आहे. नसली तरी आता आहे. मुक्कामाच्या तयारीने या. ओटा अजून तिथेच आहे, फक्त माझ्याने खाली बसवत नाही, खुर्च्या टाकू.

नवा सिनेमा परवा रिद्धीने मोबाईलवर मध्यंतरापासून लावून दिला. पाहिला. पोत्यांचा भाग लांबला आहे हे पोरांचं म्हणणं मला पटतं. यंत्रांचंही माझं मत बदललेलं नाही, तुमची एसटीची समजूत ओढूनताणून काढलेली आहे. टेबलाबद्दल काही लिहीत नाही.

जूनमध्ये मुंबईला चौघंही जाऊ. त्या काचेशी तुम्हाला एकट्याने उभं राहावं लागणार नाही.

गाडीत मी काय बोललो ते तुम्ही विचारलं. एकच शब्द बोललो होतो. काच खाली करायचं बटण सापडलं नाही, म्हणून तो या पत्रात सगळ्यात आधी लिहिला आहे.

गौतमचंद